आतेमामांचा वंशवृक्ष

आमच्या घरात शेवटच्या खोलीत राहणारे गृहस्थ आमचे कोण लागतात, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. आई समजायची ते बाबांकडचे. बाबा समजायचे ते आईकडचे. दोघंही सभ्य असल्यामुळे, जोडीदाराच्या माणसाची चौकशी करणं बरं दिसत नाही म्हणून गप्प राहिले. असं गप्प राहता राहता दादा शाळेत जायला लागला, मी जन्मले, घराला पुन्हा रंग लागला.

मी बोलायला लागल्यावर त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न आला. आईने सांगितलं, आत्याच्या बाजूचे आहेत. बाबांनी सांगितलं, मामाच्या बाजूचे. मी दोघांचंही ऐकलं आणि त्यांना आतेमामा म्हणू लागले. पुढे सगळा जिनाच त्यांना आतेमामा म्हणायला लागला. दादाने मात्र स्वतःपुरती वाट आधीच काढून ठेवली होती. तो त्यांना 'अहो' म्हणायचा आणि पुढे काही म्हणायचं टाळायचा.

आतेमामा एका कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांची मापं घ्यायचे. दिवसभर दुसऱ्यांची मापं घेऊन संध्याकाळी घरी यायचे, ते बाबांच्या शर्टात. त्यांचा स्वतःचा शर्ट असणारच, पण तो कोणी पाहिला नव्हता. आई इस्त्री झालेले कपडे लावताना बाबांच्या शर्टांचे सरळ दोन गठ्ठे करायची. बाबांचा चष्मा त्यांना चालायचा. बाबांसारखंच तेही कुलूप लावल्यावर ते पुन्हा पुन्हा ओढून बघायचे. आणि आई-बाबांची खिडकीवरून जुंपली, म्हणजे ती उघडायची की लावायची यावरून, की आतेमामा उठून ती अर्धी उघडायचे आणि जागेवर येऊन बसायचे. माझ्या आठवणीत त्या खिडकीचं भांडण कधी दुसऱ्या वाक्याच्या पुढे गेलेलं नाही.

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे झाडांना होणाऱ्या विषाणूंचा अभ्यास चालतो. माझा विषय मात्र विषाणू हा नाही. विषाणूबरोबर जे येतात, ते माझे. विषाणू मुळात परावलंबी. झाडाच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला स्वतःची नक्कल काढता येत नाही. पण त्या परावलंब्याच्या जिवावर जगणारेही आहेत. त्यांना सॅटेलाइट म्हणतात. आरएनएचा, म्हणजे आनुवंशिक मजकुराचा, छोटासा तुकडा, काही शे अक्षरांचा. एखादं प्रथिन बनवायची कृतीसुद्धा त्यात बहुधा लिहिलेली नसते. नक्कल काढायला विषाणूचं यंत्र, बाहेर पडायला विषाणूचाच अंगरखा. काही सॅटेलाइट सोबत असले की झाडाचा आजार सौम्य होतो, काही असले की झाड करपून जातं. आणि गंमत अशी की ज्याच्या अंगरख्यात ते फिरतात त्या विषाणूशी त्यांचं बहुतेक वेळा काहीच जुळत नाही. पुष्कळदा आपसातही नाही. ते मुळात आले कुठून, हे धडपणे कोणालाच सांगता येत नाही.

हे मी एकदा जेवताना सांगितलं होतं. आई-बाबांनी माना डोलावल्या. आतेमामांनी घास हातात धरून नीट ऐकलं आणि विचारलं, तो अंगरखा त्या तुकड्याला मापाचा होतो का. मी म्हटलं, लहान तुकडे असले तर कधी कधी एका अंगरख्यात दोघे-तिघे मावतात. ते म्हणाले, म्हणजे मापाचा नाही. आणि घास खाल्ला.

तर एके दिवशी दादाचा फोन आला. तो बरीच वर्षं दूर नोकरीला होता. आता तो आणि वहिनी कायमचे घरी येणार होते, येत्या रविवारी. आईला इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, त्यांना द्यायला खोली नाही.

खोली म्हणजे शेवटची खोली. म्हणजे आतेमामांनी ज्यांचे असतील त्यांच्याकडे जावं, असं हळूहळू ठरायला लागलं. ठरवत कोणीच नव्हतं, पण ठरत होतं. बाबा म्हणाले, तुझ्या बहिणीला विचार. आई म्हणाली, तुम्ही तुमच्या भावाला विचारा. मग पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलं.

त्या संध्याकाळी दोन फोन झाले. मावशी म्हणाली, छे, आमच्याकडचे असते तर इतकी वर्षं एका घरात टिकलेच नसते. काका म्हणाले, वहिनींकडचेच असणार, आपल्यात एवढा शांत माणूस कुठला. मी सुचवलं की शेजारच्या खोलीत साक्षात आतेमामा बसलेले आहेत, त्यांनाच विचारावं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ताटाखालचा पाट ओढला. इतकी वर्षं जेवायला वाढल्यावर माणसाला तुम्ही कोण म्हणून विचारतात का, असं तिचं म्हणणं.

मग बाबा माझ्याकडे वळले. "तू एवढी शिकलीस ती नात्यांवरच ना? मग काढ शोधून. रविवारच्या आत."

खरं सांगायचं तर मला हुरूप आला. माझं रोजचं काम तेच होतं. सॅटेलाइटची अक्षरं इतरांच्या अक्षरांशेजारी मांडायची, कुठे कोण कोणाशी जुळतं ते बघायचं आणि संगणकाकडून वंशवृक्ष काढून घ्यायचा. त्याच आठवड्यात माझा टोमॅटोवरचा सॅटेलाइट वंशवृक्षात त्याच्या मदतनीस विषाणूच्या, म्हणजे ज्याच्या जिवावर तो जगतो त्याच्या, अगदी कुशीत जाऊन बसला होता. दोघे सख्खे म्हणावेत इतके जवळ. शनिवारी वंशवृक्षाचं ते झाड मी मॅडमना दाखवणार होते. प्रयोगशाळा त्यांची, आणि लाल पेनही त्यांचंच.

घरी मी आधी नाकं मोजायला निघाले. पण काकांनी फोनवर विचारलं, माझ्या नाकाची लांबी कशाला हवीय, आणि मी नाकांचा नाद सोडला. म्हणून सवयींवर आले. शिंक कशी येते. चहा फुंकायचा की तसाच ओठाला लावायचा. वर्तमानपत्र पुढून वाचायचं की मागून. झोपताना पाय पांघरुणाच्या आत की बाहेर. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणं. कुलूप ओढणं. आई, बाबा, काका, मावशी, दादा, मी आणि आतेमामा अशा सगळ्यांच्या सवयी मी एका तक्त्यात मांडल्या. वंशवृक्षाला एक परकाही लागतो, ज्याचा कोणाशीच संबंध नाही असा, म्हणजे मूळ कुठे धरायचं ते कळतं. परके म्हणून मी खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर घेतले. त्यांनी आनंदाने शिंकून दाखवलं.

मग छाटणी केली. आमच्याकडे ती रीतच आहे. जे भाग कोणाशीच जुळवता येत नाहीत ते संगणक काढून टाकतो, कारण तुलनाच होत नाही तर त्यांचा उपयोग काय. आतेमामांच्या बाबतीत तसं थोडंफार निघालं. ते खुर्चीवर अर्धेच बसायचे, आता उठायचंच आहे अशा बेताने. चार भोकांचं बटण आम्ही सगळे फुलीसारखं शिवतो, ते दोन समांतर रेघांत शिवायचे. आणि दाढी करताना एक सूर गुणगुणायचे, वर जाऊन मध्येच अडकणारा, जो आमच्या घरात दुसऱ्या कोणाच्याही तोंडी नव्हता. हे सगळं मी काढून टाकलं आणि संगणकाचं बटण दाबलं.

झाड सुंदर आलं. आतेमामा बाबांच्या शेजारच्या फांदीवर, सख्खे भाऊ म्हणून. काका त्यांच्याहून जरा लांब. आई-मावशी वेगळ्या फांदीवर, मी मधे. फक्त दादाचं काहीतरी झालं होतं. तो थेट दातांच्या डॉक्टरांबरोबर बसला होता.

कागद जेवणाच्या टेबलावर फिरला. बाबांनी दादाची फांदी बोटाने डॉक्टरांपर्यंत नेली आणि मान वर करून आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे कशाला बघता? डॉक्टर इथे राहायला आले तेव्हा हा दहावीत होता."

मी घाईघाईने सांगितलं की दादा बरीच वर्षं बाहेर राहिल्यामुळे त्याच्या सवयी बदलल्या आहेत, हल्ली तो जेवल्यावर दोऱ्याने दात साफ करतो, लांबच्या फांद्या अशा कधी कधी चुकून परक्याला चिकटतात. बाबांनी ते मान्य केलं, पण कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

आतेमामा बाबांचे भाऊ, हे मात्र सगळ्यांनी चटकन मान्य केलं. आता बाबांचे भाऊ म्हणजे काकांचेही भाऊ. आणि काकांकडे मागची खोली रिकामी. बाबांनी काकांना फोन करून सांगितलं की विज्ञानाने असं असं सिद्ध झालं आहे. मग काका भरल्या आवाजात म्हणाले, "तरीच. लहानपणी माझ्या ताटातलं कोणीतरी खायचं."

रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो म्हणाले.

आतेमामांना आईने सांगितलं. ते तुमचे भाऊच आहेत, थोडे दिवस तिकडे राहा, हवाबदल होईल, असं काहीबाही. ते म्हणाले, बरं. एवढंच. मग पलंगाखालून त्यांनी एक पत्र्याची पेटी काढली, जी आम्ही कोणी पूर्वी पाहिली नव्हती, आणि तिच्यावरची धूळ आधी बाहीने आणि मग, बाही बाबांची आहे हे लक्षात आल्यावर, हाताने पुसली. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी शर्टांचा गठ्ठा आणून आईसमोर ठेवला. आई तो परत द्यायला लागली, ते परत ठेवायला लागले, आणि शेवटी गठ्ठा खुर्चीवर राहिला. बाबा कारण नसताना कुलूप ओढून बघायला गेले. खिडकीवरून त्या दिवशी तिसरं वाक्यही झालं आणि चौथंही, कारण अर्धी उघडायला आतेमामा उठलेच नाहीत. ते माझ्या प्रयोगशाळेतल्या कोटाला तुटलेलं बटण लावत होते. म्हणाले, जाण्याआधी एवढं राहायला नको.

मला ते बरं वाटलं नाही. पण झाड तर झाड होतं. मी काही हाताने काढलं नव्हतं.

शनिवारी मी तो कोट घालून मॅडमसमोर टोमॅटोच्या सॅटेलाइटचं झाड ठेवलं. मॅडम सफरचंद कापून खात होत्या. त्यांनी झाड पाहिलं, परका कोण घेतला ते विचारलं, ठीक आहे म्हणाल्या. सॅटेलाइट आणि विषाणू इतके जवळचे निघाले याचं त्यांना कौतुक वाटतंय असं मला वाटलं. मग त्यांनी लाल पेन उचललं.

"छाटलंस काय काय?"

"जे कशाशीच जुळत नव्हतं ते, मॅडम."

"म्हणजे जे फक्त त्याचं होतं ते."

मॅडमनी मूळ मांडणी मागवली आणि अक्षरांच्या ओळीवरून पेन फिरवत नेलं. सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत माझा सॅटेलाइट विषाणूसारखा नव्हता, आणखी कोणासारखाही नव्हता. फक्त शेपटीकडची थोडी अक्षरं विषाणूच्या शेपटीशी हुबेहूब जुळत होती. तो सगळा मधला ऐवज छाटणीत गेला होता आणि मी निव्वळ शेपटीचा वंशवृक्ष काढला होता.

मॅडम म्हणाल्या, ही शेपूट त्याने विषाणूकडूनच घेतलेली असणार. विषाणूचं यंत्र नक्कल काढायला शेपटीपासून सुरुवात करतं, ओळखीची शेपूट दिसली की कामाला लागतं. बरोबर राहून राहून उचलली असेल. "उसन्या शेपटीवरून बाप ठरवतेस होय?" त्यांनी सफरचंदाची फोड माझ्यापुढे केली. "खा. आणि पुन्हा कर."

फोड घ्यायला हात पुढे केला तेव्हा मला कोटाचं बटण दिसलं. दोन समांतर रेघा. बाकीची सगळी बटणं फुलीची होती, आईने लावलेली.

शिंक बाबांची. कुलूप बाबांचं. चहा फुंकणं आईचं. सगळी उसनी शेपूट. अर्धं बसणं, तो अडकणारा सूर आणि ही दोन रेघांची बटणं, जे जे फक्त त्यांचं होतं ते मी स्वतःच्या हाताने छाटून टाकलं होतं.

घरी जाताना वाटेत मला दुसरी गोष्ट सुचली. झाड चुकलं म्हणून सांगायचं तर खरं काय तेही सांगावं लागणार. आणि खरं असं दिसत होतं की आतेमामा आमचे कोणीच नव्हते. भाऊ म्हणून निदान काकांची मागची खोली तरी मिळत होती. कोणीच नाही म्हटल्यावर माणसाने ती पत्र्याची पेटी घेऊन कुठे जायचं? त्या रात्री मी काही बोलले नाही. चुकीचं झाड बरं की बरोबर झाड बरं, हे ठरेना.

रविवारी सकाळी सगळं एकदमच झालं. दादा आणि वहिनी भल्यामोठ्या बॅगा घेऊन पोहोचले, मागोमाग काका गाडी घेऊन आले. काकांनी आतेमामांना मिठी मारली आणि डोळे पुसले. बाहेरच्या खोलीत बॅगांमधून चालायला जागा नव्हती. आतेमामा पेटी मांडीवर घेऊन खुर्चीवर बसले होते. अर्धेच.

ते बघून मला राहवलं नाही. मी म्हटलं, झाड चुकलं आहे. मग छाटणी, शेपूट, बटणं असं सगळं, मॅडमच्या सफरचंदासकट, सांगून टाकलं. हे बाबांचे भाऊ नाहीत, आणि माझ्या हिशेबाने आईकडचेही नाहीत.

काका आतेमामांच्या खांद्यावरचा हात काढावा की ठेवावा या विचारात तसेच उभे राहिले. झाडाचं हे सगळं प्रकरण दादाला नवीन होतं. त्याने बॅग खाली ठेवली आणि जे या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"अहो, तुम्ही नक्की कोण?"

आई कळवळून दादाच्या नावाने ओरडली. पण आतेमामांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मोकळं झाल्यासारखे ते म्हणाले, "वरच्या मजल्यावर एक शिवणयंत्र विकायचं होतं. ते बघायला आलो होतो. जिन्यात दम लागला म्हणून इथे टेकलो, तुमचं दार उघडं होतं. वहिनींनी विचारलं, जेवायचंय ना. मला खरंच जेवायचं होतं."

"आणि मग?" बाबा म्हणाले.

"सकाळी निघालो, तर तुम्हीच म्हणालात, संध्याकाळी वेळेवर या, जेवायला थांबतो आम्ही. मग वेळेवर आलो." त्यांनी जरा विचार केला. "तेव्हापासून रोज वेळेवरच येतोय."

"शिवणयंत्राचं काय झालं?" वहिनीने विचारलं. तिला घरातली कोणतीच गोष्ट अजून माहीत नव्हती, त्यामुळे तिचा प्रश्न सगळ्यात सरळ होता.

"विकलं गेलं असेल आता."

बाबा मटकन बॅगेवर बसले. आईने पदराने कपाळ टिपलं. ती हिशेब जुळवत होती, ओठ हलत होते. मग ती मला म्हणाली, पुन्हा सांग, हे यांच्याकडचे नाहीत. मी म्हटलं, नाहीत. ती म्हणाली, आणि माझ्याकडचेही नाहीत. नाहीत. "म्हणजे जगात यांना पाठवण्यासारखं कोणीच नाही."

"तसंच दिसतंय," मी म्हटलं.

"मग पाठवणार कोणाकडे?" असं म्हणून तिने त्यांच्या मांडीवरची पेटी उचलली आणि शेवटच्या खोलीत नेऊन ठेवली.

सगळा वाद ज्यांचे असतील त्यांच्याकडे पाठवण्याचा होता. ते कोणाचेच नाहीत म्हटल्यावर वादाला जागाच उरली नाही. बाबांनी खिशातला तो घडी केलेला कागद काढला, पुन्हा एकदा दादाची फांदी पाहिली आणि फाडून टाकला. काका तेवढे हिरमुसले. मागची खोली त्यांनी झाडून ठेवली होती आणि त्यांना भावाची सवयही लागली होती. जाताना दारात त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मग माझ्या ताटातलं कोण खायचं?"

मी म्हटलं, काका, त्यासाठी वेगळा अभ्यास लागेल.

दादाने खोलीचं विचारलंच. तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. शोध माझा, तेव्हा त्याचे परिणामही माझेच, असं कोणी म्हटलं नाही, पण संध्याकाळपर्यंत माझी पुस्तकं बाहेरच्या खोलीत आली होती. आता मी दिवाणावर झोपते, दादा आणि वहिनी माझ्या खोलीत, आणि आतेमामा आपल्या खोलीत. शर्टांचे पुन्हा दोन गठ्ठे झाले. खिडकी अर्धी उघडी असते. ते खुर्चीवर मात्र हल्ली पूर्ण बसतात. विचारून झालं, सांगून झालं, आता उठायची घाई राहिली नसावी.

प्रयोगशाळेत मी छाटणी न करता सगळं पुन्हा मांडलं. माझा सॅटेलाइट विषाणूचा कोणी लागत नाही, दुसऱ्या कोणाचाही लागत नाही, मूळ अज्ञात, असं आता माझ्या प्रबंधाच्या प्रकरणात लिहिलं आहे. मॅडमनी त्याखाली लाल पेनने एकच टीप लिहिली: तरीही त्याला वेगळा करून वाढवता येत नाही, हे लिहायचं राहिलंय.

ते लिहीत असताना मागून मला कोणीतरी गुणगुणताना ऐकू आलं. वर जाऊन मध्येच अडकणारा सूर. वळून पाहिलं तर मॅडम सफरचंद कापत होत्या, आणि माझ्याकडे बघून गुणगुणायच्या थांबल्या.

"काय गं हे? आठवडाभर तुझ्याच तोंडून ऐकतेय. कुठलं आहे?"

"मूळ अज्ञात," मी म्हटलं. घरी त्या दिवशी सकाळी बाबा दाढी करताना तोच सूर धरून बसले होते, आणि आतून आई तो अडकतो तिथून पुढे नेण्याचा प्रयत्न करत होती. म्हणजे पुढेमागे कोणी पुन्हा आमच्या घराचा वंशवृक्ष काढायला बसलं, तर हा सूर छाटला जाणार नाही. तो सगळ्यांशी जुळेल, आणि आतेमामा सख्खे म्हणून निघतील. निघू देत. मी दुरुस्त करायला जाणार नाही. माझ्याकडे आता द्यायला आणखी खोली नाही.